‘बेरीज जुळत नाही’ या एका शेऱ्यावर अडकलेला डॅशबोर्ड

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादर कारखान्यासाठी पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवालांच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारा पडदा, केला. टॅलीतून बिलं आणणं, मागांच्या नोंदी जोडणं, एप्रिल ते मार्च असं तारखांचं टेबल लावणं हे सुरळीत झालं. अडलं ते लेखा विभागाच्या मंजुरीत. शेरा दर वेळी एकच, "बेरीज जुळत नाही." ती जुळायलाच नको होती, आणि हे पटवण्यातच सगळा दम गेला.

वाद ग्राहकसंख्येच्या रकान्याचा. एप्रिलमध्ये 40, मेमध्ये 45, जूनमध्ये 50 आणि तिमाहीला 70. लेखा विभागाला 135 हवे होते. पण एकच व्यापारी तिन्ही महिन्यांत माल उचलतो, तेव्हा तो महिन्याच्या ओळीत तीनदा येतो, तिमाहीत एकदाच. डिस्टिंक्टकाउंट हे वेगवेगळी नावं एकदाच मोजणारं फंक्शन. त्याचं मेझर, म्हणजे अहवालात आकडा काढणारं सूत्र, एकूणच्या ओळीत वरचे आकडे मिळवत नाही, त्या पातळीवर सगळी बिलं घेऊन नव्याने मोजतं. उत्पादनांच्या उतरंडीतही हेच होतं: चादर घेणारा टॉवेलही घेतो.

समएक्स हे एकेका ओळीचा आकडा काढून बेरीज करणारं फंक्शन महिन्यांवर फिरवून 135 दाखवणं एका ओळीचं काम आहे. तसं करू नका. तिमाहीची विक्री 70 लाख असेल तर दर ग्राहकामागे 1 लाख येतात. भाजक 135 धरला की तेच जेमतेम 52 हजार दिसतात, आणि उधारीची मर्यादा त्या आकड्यावर ठरते.

शेवटी तोंडी समजावणं सोडलं आणि पडताळ्याचा तक्ता शेजारी लावला. 70 पैकी 30 जणांची खरेदी एकाच महिन्यात, 15 जणांची दोन महिन्यांत, 25 जणांची तिन्ही महिन्यांत. 30 अधिक 30 अधिक 75, म्हणजे 135. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर आले आणि सही झाली. हा तक्ता पहिल्या दिवसापासून द्या.

त्याआधी ग्राहक नीट ओळखा. टॅलीत एकाच पार्टीची दोन लेजर, म्हणजे खाती, असतात, म्हणून नावावर मोजू नका. जीएसटी क्रमांकावर मोजलं तरी दोन राज्यांत नोंदणी असलेली पार्टी दोनदा येते. त्या क्रमांकातलं तिसऱ्या ते बाराव्या स्थानाचं पॅन वेगळं काढा आणि त्यावर मोजा. नोंदणी नसलेल्यांना स्वतःचा कोड द्या. आणि रात्री सारांश-टेबल बनत असेल तर त्यात महिन्याची तयार ग्राहकसंख्या साठवू नका, तिच्यावरून तिमाही कधीच काढता येत नाही.

मागांची कार्यक्षमता त्यामानाने लवकर पटली. एका शेडमध्ये शक्य पिक्स (विणताना पडणारे आडवे धागे) 10 लाख, पडले 9 लाख, म्हणजे 90 टक्के. दुसऱ्यात 2 लाखांपैकी 1 लाख 20 हजार, म्हणजे 60 टक्के. सरासरी 75 काढली तर चूक. 12 लाखांपैकी 10 लाख 20 हजार, म्हणजे 85 टक्के हा खरा आकडा. म्हणून टक्केवारी साठवू नका, अंश आणि छेद साठवा आणि भागाकार डिव्हाइड या फंक्शनने मेझरमध्ये करा. किलोमागचा सरासरी दरही असाच काढायचा. टक्केवारीचा रकाना स्रोतातूनच येत असेल तर त्याची आपोआप होणारी बेरीज आधी बंद करा.

सुताचा साठा गोदामांमध्ये मिळवता येतो, महिन्यांमध्ये नाही. 30 एप्रिलला 120 पोती, 31 मेला 90, 30 जूनला 150, तर तिमाहीचा साठा 150. इथे लास्टनॉनब्लँक, म्हणजे नोंद असलेली शेवटची तारीख शोधणारं फंक्शन, एक खोडा घालतं. एका गोदामाची शेवटची नोंद 28 जूनची आणि दुसऱ्याची 30 जूनची असेल, तर एकूणच्या ओळीत फक्त 30 तारीख धरली जाते आणि पहिलं गोदाम गळतं. इथे मात्र समएक्स हवंच: प्रत्येक गोदामाचा शेवटचा साठा वेगळा काढून मग मिळवायचा. म्हणजे लेखा विभाग इथे बेरीज मागतो ते बरोबर असतं.

गोदाम रिकामं झालं की शून्याची नोंद टाकायला लावा. नोंदच नसेल तर मागची पोती तिमाहीच्या आकड्यात शिल्लक दिसत राहतात.

हे सगळं एक्सेलमध्ये बघायचं असेल तर पिव्होट (सारांशाचा तक्ता) घालतानाच डेटा मॉडेलमध्ये जोडण्याच्या पर्यायावर खूण करा. त्याशिवाय वेगळे ग्राहक मोजण्याचा पर्याय यादीत येतच नाही.