तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांचा अमेरिकन फुटबॉल नियमांनी सुरक्षित होतो का?

कॅलिफोर्नियात मुले वाढवणाऱ्या आम्हा मराठी पालकांना भारतातले नातेवाईक आणि इथे नव्याने आलेली कुटुंबे हमखास विचारतात, की एकमेकांवर आदळण्याचाच हा खेळ नियम बदलून सुरक्षित कसा होणार. हेल्मेटच आणखी भक्कम का करू नये?

हेल्मेटमुळे कवटी वाचते, हे खरे. पण धक्क्यासरशी कवटीच्या आत मेंदू जो हिंदकळतो, त्याला ते पुरेसे रोखू शकत नाही. त्यामुळे धक्केच कमी करावे लागतात आणि ते काम नियमांचे आहे. १९७६ मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डोके पुढे करून धडक मारण्यास बंदी आली, त्यानंतर मानेच्या दुखापतीने कायमचा पक्षाघात होण्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

एक हात जमिनीला टेकवून, वाकून बसलेला मुलगा चेंडू सुटताच उसळतो, तेव्हा समोरच्याला सर्वांत आधी भिडते ते त्याचे डोके. पॉप वॉर्नर या मुलांच्या संघटनेने २०१९ मध्ये सर्वांत लहान गटांसाठी ही बैठकच बंद केली. उभ्याने सुरुवात करणाऱ्या मुलाची मान वर राहते आणि समोरचा त्याला दिसतो. दोन्ही संघ लांबून धावत येऊन भिडतात ती किकऑफ त्याच संघटनेने लहान गटांतून २०१६ मध्येच काढून टाकली होती. यात खेळाचे काही बिघडले, असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही माझ्या मते सर्वांत मोलाचा नियम सामन्याचा नसून सरावाचा आहे. सामना आठवड्यातून एकदा होतो, सराव अनेकदा, आणि तिथे पालकांचे लक्ष कमी असते. कॅलिफोर्नियात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने मुलांच्या संघांना पूर्ण धडकेचा सराव आठवड्यातून फार तर दोन दिवस आणि दिवसाला ३० मिनिटेच करता येतो. हंगामाबाहेर तो करताच येत नाही.

मात्र नियमांनाही मर्यादा आहेत. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडण्याचा फुटबॉल, खेळणाऱ्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या डोक्याला हंगामात बसणाऱ्या धक्क्यांचा मध्यांक ३७८ होता, तर कमरेची पट्टी ओढून खेळल्या जाणाऱ्या फ्लॅग फुटबॉलमध्ये तो अवघा ८. हे अंतर पाहता १२ वर्षांखालील मुलांनी फ्लॅगच खेळावे, असे माझे ठाम मत आहे. तशी सक्ती करणारे विधेयक इथे २०२४ मध्ये बारगळले, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून टॅकलच्या संघात मुलाचे नाव घालण्यापूर्वी धडकेच्या सरावाची मिनिटे कोण मोजतो आणि डोक्याला मार लागल्यास मुलाला तत्काळ बाहेर काढून डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेतले जात नाही ना, हे प्रशिक्षकांना आधी विचारावे.