चौदा खंड, चोवीस भाग

२०२१च्या दिवाळीत मैत्रिणीनं ‘द व्हील ऑफ टाइम’ या इंग्रजी फँटसी कादंबरीमालेचा पहिला खंड माझ्या हातात ठेवला. म्हणाली, “सीरिज सुरू व्हायच्या आत वाच.” माझा निम्मासुद्धा वाचून झाला नाही आणि १९ नोव्हेंबरला प्राइम व्हिडिओवर पहिले तीन भाग एकदम आले. तेव्हापासून वाचणं आणि बघणं बरोबरच चाललं.

बघायला आम्ही चौघं. मैत्रिणीनं सगळं वाचलेलं, मी अर्धवट, बाकी दोघांची पाटी कोरी. पहिल्याच भागात ठिणगी पडली. पुस्तकाच्या सुरुवातीला पेरिन हा लोहाराकडे काम शिकणारा, लग्न न झालेला मुलगा. मालिकेत त्याला बायको दिली आणि हल्ल्याच्या गोंधळात त्याच्याच कुऱ्हाडीनं ती मरते. मैत्रिणीनं तिथेच पॉज केलं. लढायची कुऱ्हाड की घडवायचा हातोडा, हे त्याचं द्वंद्व पुस्तकात किती सावकाश वाढत जातं, हे ती पोटतिडकीनं सांगत राहिली. न वाचलेल्यांपैकी एक शेवटी म्हणाला, “पण त्याला स्वतःच्या हातांची भीती का वाटते, ते मला लगेच कळलं.” यावर आम्ही दोघी गप्प. त्या रात्री नियम ठरला: ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी बोलायचं.

वाचन सोपं नव्हतं. पहिला खंड १९९०चा. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले तेव्हा शेवट लिहायचा राहिला होता. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसनला निवडलं. त्यानं जॉर्डनच्या टिपणांवरून शेवटचे तीन खंड लिहिले, शेवटचा आला २०१३ मध्ये. दहाव्या खंडानं माझे चार महिने खाल्ले. नवव्याच्या शेवटी जे घडतं, त्याच वेळी बाकीची पात्रं कुठे होती, हेच तिथे कितीतरी वेळ चालतं.

मालिकेबद्दलचं माझं मन फिरलं ते तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागानं. कथेचा नायक रँड जादूच्या काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि एकेक पिढी मागे जात पूर्वजांचं आयुष्य जगतो. भाले पेलणारे, लढण्यासाठीच जन्मल्यासारखे वाटणारे आयेल, म्हणजे त्याच्या पूर्वजांची जमात, एके काळी शस्त्राला हातही न लावणारे लोक होते, हे त्याला त्या पूर्वजांच्याच डोळ्यांनी दिसतं. पुस्तकात हे वाचताना मी पानं उलटून कोण कोणाचा आजा, ते जुळवत बसले होते. इथे रँड झालेला जोशा स्ट्राडोवस्कीच त्या पूर्वजांच्याही भूमिका करतो. तोच चेहरा, दर वेळी निराळी चाल, निराळी नजर. काही जुळवावं लागलं नाही. मैत्रीण रडत होती. बदल केलेल्या प्रसंगांवर इतकी चिडणारी ती, त्या रात्री एकही तक्रार तिच्या तोंडून आली नाही.

मे २०२५ मध्ये मालिका बंद झाल्याची बातमी आली. चौदा खंडांतली गोष्ट चौथ्याच्या आसपास थांबली. आत्ता कुठे सूर सापडला होता, म्हणून फार लागलं.

पावसाळ्यात मी चौदावा खंड संपवला. न वाचलेला मित्र म्हणाला, “पुढचं दे.” मी पाचवा काढला; मैत्रिणीनं तो परत ठेवून पहिला दिला. आठवड्यानं त्याचा फोन आला, “अगं, पेरिनची बायको कुठंय यात?”