चष्म्यासकट

पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी छायाचित्र हवे होते म्हणून परवा भर दुपारी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. पंख्याखाली डुलक्या घेत बसलेल्या मुलाने मला स्टुलावर बसवले, हनुवटी दोन बोटे खाली घ्यायला सांगितले आणि मग वयाच्या आठव्या वर्षापासून मी जे वाक्य ऐकत आले आहे तेच वाक्य म्हटले, "मॅडम, चष्मा काढा." नियमच आहे म्हणाला. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. समोरचा मुलगा, कॅमेरा आणि मागची भिंत यांचे मिळून एक करडे धुके झाले, आणि त्या धुक्यात मला एकाएकी नाना मुस्कुरीची आठवण झाली.

ही ग्रीक गायिका आमच्या घरात आधी चेहऱ्याने आली, आवाज नंतर आला. माझा मामा बोटीवर होता. सत्तरच्या दशकात कुठल्याशा सफरीवरून येताना त्याने तिची एक ध्वनिमुद्रिका आणली, पण ती वाजवायला लागणारे यंत्र आमच्याकडे नव्हते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती. त्यामुळे तबकडी कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली गेली आणि तिचे रंगीत वेष्टन रेडिओच्या डोक्यावर भिंतीला टेकवून उभे राहिले. मधोमध भांग, खांद्यापर्यंत सोडलेले सरळ काळेभोर केस, आणि नाकावर जाड काळ्या चौकटीचा चष्मा. "ही नाना," असे मामाने सांगितले तेव्हा आजीने पोळी लाटता लाटता विचारले, "बाईला नाना म्हणतात? मग हिच्या नवऱ्याला काय काकू म्हणतात?" त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरी तिचा उल्लेख 'मुख्याध्यापिका' असाच होत असे, कारण गाणारी बाई चष्मा लावते हे आजीला कधीच पटले नाही.

मला मात्र ती बाई फार जवळची वाटे. नुकताच मला चष्मा लागला होता आणि वर्गात माझे नाव 'ढापणी' पडले होते. त्याच वर्षी शाळेत वर्गाचे छायाचित्र काढायला आलेल्या गृहस्थांनी, काचेवर उजेड चमकतो या कारणासाठी, आम्हा तिघा चष्मेवाल्यांना चष्मे काढून खिशात ठेवायला लावले. ते छायाचित्र अजून आहे. सगळा वर्ग कॅमेऱ्याकडे पाहतो आहे आणि आम्ही तिघे तीन निरनिराळ्या दिशांना, हरवलेल्या कोकरांसारखे. घरी आले की रेडिओवरची बाई चष्म्यासकट माझ्याकडे बघायची, आणि हिला कोणी कसे काही म्हटले नाही, असा प्रश्न मला पडायचा.

म्हटले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

नानाचे बाप्तिस्म्याचे नाव इओआना. जन्म १३ ऑक्टोबर १९३४ चा, क्रीट बेटावरच्या हान्या या बंदरगावातला. वडील सिनेमाच्या थिएटरात यंत्र चालवत आणि आई तिथेच प्रेक्षकांना जागेवर नेऊन बसवत असे. ती तीन वर्षांची असताना हे कुटुंब अथेन्सला आले, आणि तिथे त्यांचे बिऱ्हाड होते एका उघड्यावरच्या थिएटराच्या पडद्यामागे. या एका तपशिलाशी मी नेहमी रेंगाळते. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात पडद्याच्या उलट्या बाजूला बसून, डावखुरा झालेला नायक पाहण्याची मजा ज्यांनी घेतली आहे, त्यांना पडद्यामागचे जग थोडेफार माहीत असते, पण तिथे संसार थाटून राहायचे, रोज रात्री गाण्याबजावण्याच्या आवाजात झोपी जायचे आणि दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटीने गाऊन पाहायचे, हे काही वेगळेच बालपण असणार.

घरात गाणाऱ्या मुली दोन होत्या. थोरल्या जेनीचा आवाज धाकटीपेक्षा सरस होता. दोघींच्या शिकवणीचे पैसे देणे जमेना तेव्हा आईवडिलांनी शिक्षकांनाच विचारले की एकीलाच शिकवायचे तर कोणाला शिकवावे. शिक्षकांचे उत्तर असे होते की आवाज थोरलीचा चांगला आहे, पण गाण्यावाचून जिचे चालणार नाही ती धाकटी आहे. मला या गोष्टीत धाकटीपेक्षा जेनीचाच विचार अधिक येतो, पण तो लेख वेगळा होईल. पुढे डॉक्टरी तपासणीत असेही निघाले की नानाचे दोन स्वरतंतू एकसारखे नाहीत. बोलताना तिचा आवाज श्वासात मिसळलेला, किंचित घोगरा लागतो आणि गाऊ लागली की तोच आवाज काचेवर चमचा लागावा तसा निघतो, याचे कारण बहुधा तेच असावे. डोळे अधू, गळा विषम, आणि घरातला चांगला आवाज बहिणीकडे. एवढ्या भांडवलावर कोणी दुकान उघडले नसते.

मध्ये युद्ध येऊन गेले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या शहराने जी उपासमार पाहिली तिच्यात माणसे रस्त्यावर पडून मेली. वडील प्रतिकार चळवळीत होते. अथेन्स मुक्त झाले १२ ऑक्टोबर १९४४ रोजी, म्हणजे तिच्या दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

नंतर अथेन्सच्या संगीत विद्यालयात तिने अनेक वर्षे शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायनाचे शिक्षण घेतले, आणि रात्री ती क्लबांमध्ये जॅझ गाऊ लागली, विशेषतः अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची गाणी. हे प्राध्यापकांच्या कानावर गेले आणि त्यांनी तिला वर्षअखेरच्या परीक्षेला बसू दिले नाही. गुरूच्या घरी एक आणि बाहेर दुसरेच गाणाऱ्यांचे काय होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ती विद्यालय सोडून सरळ क्लबातच गाऊ लागली, आणि तिथून तिची गाठ पडली मानोस हाजिदाकिस या संगीतकाराशी. त्याच्या चाली आणि निकोस गात्सोस या कवीचे शब्द, ही जोडी तिला लाभली. त्या दोघांच्या 'कागदाचा चंद्र' या गाण्याचे शब्द मला कळत नाहीत, तरी तिने गायलेले ते गाणे ऐकताना मी हातातले काम खाली ठेवते. १९५९ मध्ये ग्रीसच्या पहिल्या गीत महोत्सवात हाजिदाकिसचेच गाणे गाऊन तिने पहिले बक्षीस मिळवले.

१९६१ साली ती जर्मनीत गेली आणि हाजिदाकिसच्याच एका चालीवर 'अथेन्सचे पांढरे गुलाब' हे गाणे जर्मन भाषेत गायली. त्या देशात या गाण्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. याविषयी लिहिणारे लोक खपाचा आकडा सांगून पुढे जातात. मला तसे जाता येत नाही. ज्या भाषेतल्या आरोळ्या लहानपणी रस्त्यावर ऐकून दार लावून घ्यावे लागले असेल, त्या भाषेत, अवघ्या सतरा वर्षांनी, आपल्या गावच्या फुलांविषयी इतके मऊ गाणे कसे गाता आले असेल? गाणाऱ्या बाईने क्षमा वगैरे केली, असा मोठा शब्द मी वापरणार नाही. कदाचित तिला फक्त चाल आवडली असेल.

पुढचा प्रवास नकाशावर बोट फिरवावे इतका भराभर होतो. १९६२ मध्ये क्विन्सी जोन्स या अमेरिकन संगीतकाराने तिला न्यूयॉर्कला बोलावून तिची जॅझ गाणी मुद्रित केली. १९६३ मध्ये लंडनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ती लक्झेंबर्गच्या वतीने फ्रेंचमध्ये गायली आणि आठवी आली. पॅरिस हेच घर झाले. आणि त्याच दशकाच्या मध्यावर हॅरी बेलाफोंते या अमेरिकन गायकाने आपल्याबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर यायचे तिला निमंत्रण दिले.

इथे माझा शाळेतला छायाचित्रकार पुन्हा येतो. बेलाफोंतेने तिला सांगितले की रंगमंचावर चष्मा काढून गा. तो तेव्हाचा फार मोठा गायक, ती अमेरिकेत नवखी, आणि त्याच्या म्हणण्यात दुष्टपणा काही नव्हता. गायिकेने कसे दिसावे याची जी रीत होती तीच त्याने सांगितली. तिने ऐकले. दोन दिवस ती चष्म्याशिवाय गायली, आणि तेवढ्यात इतकी कष्टी झाली की कार्यक्रमच सोडून जायला निघाली. शेवटी त्यानेच माघार घेतली. त्यानंतर जगाने तिला कधी चष्म्याशिवाय पाहिले नाही. व्यंगचित्रकारांना तर दोन काळे चौकोन आणि मधला भांग एवढे काढले की पुरत असे.

मला त्या दोन दिवसांचे फार कुतूहल आहे. चष्मा काढला की ऐकूही कमी येते, हे चष्मेवाल्यांनाच माहीत असते आणि इतरांना ते खोटे वाटते. माझ्या लग्नाआधी, बघायला येणाऱ्यांना पाठवायचे म्हणून काढलेल्या छायाचित्रातही चष्मा नव्हता. आईने तो माझ्या हातातून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता, आणि तिथपर्यंत चालत जाणे मला शक्य नव्हते. मी दोन दिवस काय, दोन मिनिटेही भांडले नाही. ते स्थळ जुळले नाही, हा भाग वेगळा.

नाना पुढे आणखी कितीतरी भाषांत गायली. तब्बल वीसहून अधिक वर्षे स्वतःच्या देशात न गायलेली ही बाई १९८४ मध्ये अथेन्सला परतली आणि अक्रोपोलिसच्या पायथ्याच्या प्राचीन हेरोड अॅटिकस नाट्यगृहात गायली. अभिनेत्री ऑड्री हेपबर्नच्या निधनानंतर १९९३ मध्ये ती युनिसेफची सदिच्छादूत झाली, १९९४ ते १९९९ युरोपीय संसदेत बसली, आणि २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा तिने आपले खासदारकीचे निवृत्तिवेतन देशाला देऊ केले. २००८ मध्ये त्याच दगडी नाट्यगृहात तिने रीतसर निरोपाची मैफल केली, सगळे रडले, आणि काही वर्षांत बाई पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. आजी असती तर म्हणाली असती, "मुख्याध्यापिका अशा सहजासहजी शाळा सोडत नाहीत."

एप्रिल २०२४ मध्ये ऑलिंपिकची ज्योत पॅरिसकरांच्या हाती सोपवण्याचा समारंभ अथेन्सच्या संगमरवरी मैदानात झाला, त्याची चित्रफीत मी पाहिली. एकोणनव्वद वर्षांची नाना राष्ट्रगीत गात होती. आवाज थकला होता, आणि नाकावर तीच काळी चौकट होती.

"झाले, मॅडम." मुलाने दिवा बंद केला. मी चष्मा लावला, तेव्हा मुलगा, कॅमेरा आणि भिंत आपापल्या जागी परत आले. पाच मिनिटांनी त्याने आठ प्रती कापून हातावर ठेवल्या. त्यातली बाई माझ्या ओळखीची नव्हती. ती माझ्या खांद्याच्या थोडे पलीकडे, कोणी हाक मारली की काय अशा नजरेने पाहत होती. चांगला आलाय, असे तो म्हणाला. मी पैसे दिले आणि पाकीट पर्समध्ये टाकले.

मामाची तबकडी पुढे शेजाऱ्यांच्या यंत्रावर एकदाच वाजली. तिच्यावर ओरखडा होता आणि दुसरे गाणे एकाच शब्दावर अडकून राहिले. तो शब्द कोणता होता, हे मला अजून कळलेले नाही.