डीके कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी निदान वीसेक जणांनी विचारलंय म्हणून, एकदाच लिहून टाकतो. प्रश्न ठरलेला: पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर बसून जर्मन आरमाराचे संदेश गुपचूप ऐकणारे एवढे तयारीचे होते, तर जटलंडच्या आरमारी लढाईत ब्रिटिश गाफील कसे राहिले? वर हसून पुस्ती: "मार्कोनीसाब, तुमच्या भाऊबंदांनी पाळीवर डुलक्या काढल्या असणार."

नाही हो. नाही काढल्या.

जहाजावर रेडिओ ऑफिसर, म्हणजेच मार्कोनीसाब, म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे हा टोमणा मला जरा जास्तच झोंबतो, हे कबूल. आमच्या केबिनमधल्या घड्याळावर लाल पट्टे असायचे. दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत मोर्सच्या बटणावरून हात काढायचा आणि नुसतं ऐकायचं, कुणी बुडत असेल तर कळावं म्हणून. डुलकी कसली काढताय?

आणि हन्स्टंटनला बसून जर्मनांना ऐकणारी ती माणसं तर पगारी नोकरही नव्हती. एडवर्ड रसेल क्लार्क बॅरिस्टर, बेंटन हिप्पिस्ली सॉमरसेटचे जमीनदार, दोघंही बिनतारीचे शौकीन. सरकारी ठाणी जिकडे फिरकतही नव्हती त्या तरंगलांबीवर जर्मन आरमार बोलतंय, हे त्यांनी घरच्या यंत्रावर ऐकलं आणि नौदलाला सांगितलं. मग 1914मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर, हन्स्टंटनच्या तटरक्षक ठाण्यात बसून ते ऐकू लागले. कानात खरखर, हातात पेन्सिल, कागदावर अर्थ न कळणारे अक्षरगट. अर्थ लागायचा लंडनच्या 'रूम 40'मध्ये, म्हणजे नौदलाच्या सांकेतिक संदेश उकलणाऱ्या खोलीत. खडकावर चढलेल्या माग्डेबुर्ग या जर्मन क्रूझरमधलं संकेतपुस्तक रशियनांनी तिथे पोचवलं होतं.

आता जटलंड. 30 मे 1916च्या रात्री ब्रिटिश सेनापती जेलिकोचं आरमार जर्मनांच्या आधी बंदराबाहेर पडलं होतं. कशाच्या जोरावर? ऐकण्याच्याच. हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला कॅप्टन थॉमस जॅक्सन 'रूम 40'मध्ये आला. लढाईची आखणी पाहणाऱ्या विभागाचा हा प्रमुख. त्याने विचारलं, "डीके कुठे आहे?" उत्तर मिळालं, याडच्या खाडीत, म्हणजे जर्मन आरमाराच्या तळावर. जॅक्सन निघून गेला. डीके ही जर्मन सेनापती शीअरची कॉल साइन, म्हणजे बिनतारीवरची ओळखखूण, पण बंदरातली. समुद्रावर निघताना तो ती किनाऱ्यावरच्या ठाण्याला देऊन स्वतः दुसरी घ्यायचा. खोलीतल्या माणसांना हे पाठ होतं. साडेबाराला जेलिकोला तार गेली: शत्रूचं ध्वजजहाज 11:10ला याडमध्ये होतं. जेलिको इंधन वाचवत सावकाश निघाला. चार तासांनी, याडमध्ये असलेलं ते आख्खं आरमार जेलिकोच्या पुढे असलेल्या ब्रिटिश सेनानी बीटीच्या जहाजांसमोर उभं! रात्री लंडनहून शत्रूच्या परतीच्या वाटेची खरी खबर आली, पण एव्हाना जेलिकोचा लंडनवरचा विश्वास उडाला होता. ब्रिटनची 6,094 माणसं गेली.

बरीच वर्षं मी सगळं खापर जॅक्सनवर फोडत आलो. तावातावाने. अर्धवट विचारलंस, अर्धवट मिळालं, भोग! पण ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती 'रूम 40'च्याच माणसाकडून, पुष्कळ वर्षांनंतर. म्हणजे आमच्याच भाऊबंदांकडून. जॅक्सनची बाजू कुणी लिहून ठेवली?

आणि दुसरी गोष्ट, जी मी कधी सांगत नाही.

पावसाळ्यातला अरबी समुद्र. रात्री ब्रिजवरून कप्तानांचा फोन आला, "किनाऱ्याचं नवीन वेदर बुलेटिन आलंय का?" "नाही, सर." खरं होतं, आलं नव्हतं. मात्र तासाभरापूर्वी आमच्या पुढे असलेलं एक जहाज किनाऱ्याला कळवत होतं की लाटा डेकवर चढतायत, माल सरकलाय. ते मी ऐकलं होतं. लॉगबुकात वेळेसकट टिपलंही होतं. फोन ठेवला आणि चहा प्यायलो.

पहाटे लाट आली आणि डेकवर गेलेला आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दोर ओढायच्या विंचवर आदळला. खांद्याचं हाड मोडलं. सकाळी कप्तानांनी लॉगबुक उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे ऐकलं होतं तुम्ही?"

"हो सर. पण तुम्ही बुलेटिनचं विचारलंत."

ते काही बोलले नाहीत. माझंही चुकलं नव्हतं म्हणा. मी अजूनही असं म्हणतो, कधीकधी. किनाऱ्याचा अंदाज सोडून दुसऱ्या जहाजाच्या तक्रारीवरून कप्तानांनी वेग कमी केला असता की नसता, कोण सांगणार? 'रूम 40'मधल्या माणसानेही असंच काहीसं मनाशी म्हटलं असेल. जॅक्सनला म्हणे त्या खोलीतल्यांची अक्कल नको असायची. अशा माणसाच्या मागे पळत कोण जाईल? मी गेलो असतो, असं पूर्वी छातीठोक सांगायचो.

सारंग पुढचं बंदर येईपर्यंत बंकवरच पडून होता. मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. त्याने कधी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.