ग्रीक हिरो मेल्यावर जास्त कामाचे

ग्रीक पुराणकथा म्हटलं की सगळे देवांचा राजा झ्यूस याच्या लफड्यांपासून सुरू करतात, आणि खरं सांगू का, मला त्याचा आता कंटाळा आलाय. देव अमर, त्यांचं काही वाकडं होणार नाही हे आधीच माहीत, मग टेन्शन कसलं. हिरो म्हणजे पराक्रमी पण मर्त्य माणसं, ती मात्र मरतात, आणि ग्रीकांच्या लेखी त्यांची खरी ड्युटी मेल्यावर चालू होते. हिरोची सगळी ताकद त्याच्या थडग्यात, हाडं ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने तो उभा राहणार, असा रोखठोक हिशोब. मग हाडांची पळवापळवी ओघाने आलीच.

माझी सगळ्यात आवडती स्टोरी ओरेस्टीसच्या हाडांची, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली. काळ साधारण इ.स.पू. सहाव्या शतकाचा मध्य. स्पार्टावाले शेजारच्या टेगेआवर चाल करून गेले, जाताना कैद्यांना बांधायला बेड्यापण घेऊन गेले, एवढा कॉन्फिडन्स! हरले आणि त्याच बेड्या यांच्याच पायात पडल्या. पुढेही हार काही थांबेना, तेव्हा डेल्फीच्या अपोलोच्या देवळात कौल लावला. उत्तर आलं की ट्रॉयच्या युद्धातल्या राजा आगामेम्नॉनच्या मुलाची, म्हणजे ओरेस्टीसची, हाडं घेऊन या. कुठून आणायची? तर टेगेआत, जिथे दोन वारे जोराने वाहतात, घावाला उलटा घाव आहे आणि दुःखावर दुःख पडलंय तिथे. आता यावरून काय डोंबल कळणार.

कळलं ते लिखास नावाच्या एका स्पार्टनला, तेपण अपघातानेच. तह असताना तो टेगेआत गेला होता, एका लोहाराचं काम बघत उभा राहिला, तेव्हा लोहार म्हणाला, हे काय बघतोस, मी अंगणात विहीर खणत होतो तर सात हात लांब शवपेटी लागली, माणसं एवढी मोठी असतात यावर विश्वास बसेना म्हणून उघडून बघितली, मढंपण तेवढंच लांब, मोजलं आणि परत पुरून टाकलं. लिखासच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. दोन वारे म्हणजे लोहाराचे दोन भाते, घाव आणि उलटा घाव म्हणजे घण आणि ऐरण, आणि दुःखावर दुःख म्हणजे ठोकलं जाणारं लोखंड, कारण लोखंडाने माणसाचं वाईटच केलंय. पुढचं तर अजून भारी. स्पार्टाने त्याच्यावर खोटा आरोप ठेवून त्याला हाकलल्याचं नाटक केलं, तो टेगेआत परत आला, लोहाराचं अंगणच भाड्याने मागितलं, लोहार आधी नाही म्हणाला पण शेवटी तयार झाला, आणि पठ्ठ्या हाडं गोळा करून स्पार्टाला पसार. त्यानंतर स्पार्टाचीच सरशी होत गेली असं हेरोडोटस सांगतो.

अथेन्सवाले तरी कुठे मागे राहणार. त्यांचा पुराणातला राजा थीसियस स्कायरॉस बेटावर मेला होता, तिथल्या राजाने कड्यावरून ढकललं म्हणे, आणि तेव्हा कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मग इ.स.पू. ४९० ला पर्शियनांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत तो हत्यारं घेऊन आपल्या पुढे धावताना दिसला असं सैनिक सांगू लागले, आणि इ.स.पू. ४७५ च्या आसपास सेनापती किमॉनने स्कायरॉस जिंकून घेतल्यावर हाडांचा शोध सुरू केला. चरित्रकार प्लुटार्क लिहितो की एक गरुड एका उंचवट्यावर चोच मारत होता, तिथे खणलं तर दणकट देहाच्या माणसाची शवपेटी, शेजारी भाल्याचं ब्राँझचं पातं आणि तलवार. वाजतगाजत अथेन्सला आणलं. राजकारण म्हणून बघाल तर किमॉनची कमालच आहे, बेटपण मिळालं आणि पुण्यपण.

अशी अवाढव्य हाडं खरंच सापडत असतील तर ती नामशेष झालेल्या मोठ्या प्राण्यांची असावीत असं काही अभ्यासकांना वाटतं, आणि मला ते पटतं.

पण हिरो व्हायला चांगलं असावं लागतं का? अजिबात नाही! ओरेस्टीसने सख्ख्या आईला मारलेलं. आणि क्लिओमेडीसची केस तर ऐकाच. अॅस्टिपलाया बेटाचा हा बॉक्सर, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्धी त्याच्या हातून मेला, पंचांनी विजय काढून घेतला, याचं डोकं फिरलं. गावी येऊन शाळेच्या छपराचा खांबच उपटला, आत साठेक मुलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा अथीनाच्या देवळातल्या एका पेटीत शिरला आणि आतून झाकण धरून बसला. शेवटी फळ्या फोडल्या तर आत कोणीच नाही, ना जिवंत ना मेलेला. डेल्फीने काय सांगावं? हा शेवटचा हिरो, याला नैवेद्य द्या. त्या मुलांच्या आईबापांना काय वाटलं असेल हे ही गोष्ट नोंदवणारा ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहीत नाही. मला तरी हे असंच वाटतं की हिरोची पूजा म्हणजे बऱ्याचदा कौतुक कमी आणि शांत राहा बाबा अशी विनवणी जास्त.

हेराक्लीसचा, म्हणजे अचाट ताकदीच्या हर्क्युलसचा, मात्र घोळ आहे. तो ओएटा डोंगरावर चितेत जळून थेट देवांत गेला, त्यामुळे हाडं शोधायची सोयच नाही. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यात तर त्याची नुसती छाया पाताळात फिरते आणि तो स्वतः वर देवांसोबत हेबी देवीशी संसार थाटून बसलाय. मग याला देव म्हणून पुजायचं की हिरो म्हणून? काही ग्रीकांनी सरळ त्याची दोन देवळं बांधली, एकात अमर देव म्हणून यज्ञ, दुसऱ्यात मेलेला हिरो म्हणून, आणि हेरोडोटस म्हणतो की हेच लोक सगळ्यात बरोबर वागतात.