तिसऱ्या वासराचं कातडं

मार्चचा दुसरा आठवडा, पहाटे पाचला फोन वाजला. या दिवसांत पाचचा फोन म्हणजे कुठंतरी गाय अडली असणार असं धरूनच मी उठते, पण पलीकडून एका रँचचे, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाचे, म्हातारे मालक एवढंच म्हणाले, "डॉक, चार दिवसांत तिसरं वासरू गेलं. कायोट." कोयोटी म्हणजे लांडग्या-कोल्ह्याच्या मधला इकडचा जंगली प्राणी, पण इकडं रँचवाले कोयोटी म्हणत नाहीत, शेवटची ई गाळून कायोट म्हणतात. मग म्हणाले, एक पहिलारू कालवड पण बसून आहे, उठत नाही, तुम्ही या.

मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्समध्ये मोठ्या जनावरांची व्हेट आहे. शिरवळच्या कॉलेजात शिकले, मग इकडच्या परीक्षा देऊन लायसन्स काढलं. सँडहिल्स म्हणजे खरंच वाळूच्या टेकड्या, फक्त गवतानं धरून ठेवलेल्या, मैलोन्मैल दुसरं काही नाही, नुसतं गवत आणि काळ्या अँगस गाई. अख्ख्या राज्यात माणसं २० लाखांच्या आसपास आणि गुरं साधारण ६० लाख. गोठे वगैरे नाहीत, दोन-अडीच महिन्यांत तीनशे-चारशे गाई उघड्या कुरणातच वितात, बर्फ असो वारा असो, आणि घरातलं माणूस दर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन चक्कर मारतं.

पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं, उणे आठ-नऊ असेल. मालकांच्या मुलाच्या पिकअपमध्ये रायफल ठेवलेलीच होती आणि विमानातून कोयोटी मारणाऱ्या एकाला त्यानं दुसऱ्या दिवशीचं बोलावून पण ठेवलं होतं. इथं कोयोटी मारायला बारा महिने मोकळीक आहे त्यामुळं त्यात बेकायदा काही नाही. पण आजोबा, म्हणजे ते मालक, म्हणाले, आधी डॉकला बघू दे. त्यांचं हे वाक्य मला फार मोठं वाटलं, कारण तीन वासरं गेलेल्या माणसाला थांबणं सोपं नसतं. आणि कोयोटीचं नाव घेऊन त्यांना काही मिळणारही नव्हतं, हिमवादळात वासरं दगावली तर सरकारी भरपाई मिळू शकते, लांडग्यानं मारली तरी मिळू शकते, कोयोटीनं मारली तर नाही. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

आधी कालवडीकडं गेले. कुंपणाच्या कोपऱ्यात बसलेली, मागचे पाय फाकलेले, डोळे मोठे झालेले. रात्री कधीतरी एकटीच व्याली होती. वासरू मोठं होतं, बाहेर येताना कमरेशी अडकलं असणार आणि मांडीची नस दबली असणार, त्यामुळं पायाखाली जोर नाही. तिच्या शेपटीवर आणि निरणाच्या कडेला पण दातांच्या खुणा होत्या, ताज्या. हे बघून मला कसंतरी झालं. बसल्या जागी, विताना, तिला कुणीतरी चावलं होतं आणि तिला उठता येत नव्हतं. सूज उतरायचं आणि दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, खाली भरपूर वाळलं गवत टाकलं, मागचे दोन्ही पाय सैल दोरीनं एकमेकांना बांधले म्हणजे उठायला गेली तर पाय फाकून आणखी इजा व्हायला नको.

मग वासरं. तिन्ही लोडरच्या बकेटमध्ये ठेवली होती, थंडीमुळं पहिली दोन पण चांगली राहिली होती. तिन्हींचं मागचं अंग खाल्लेलं, वरून बघितलं तर तिन्ही सारखीच. आणि इथंच माणूस फसतो. कोयोटी खाल्लेलं दिसतं म्हणून मारलेलंही तिनंच असेल असं नसतं. ते कळायला कातडं काढावं लागतं. जिवंत जनावराला दात लागले तर कातड्याखाली रक्त साकळतं, काळं-जांभळं, मेलेल्याला लागले तर तिथं रक्त येतच नाही, मांस फिकट राहतं. सुरी घेऊन बसायचं आणि शांतपणे सोलत जायचं, दुसरा उपाय नाही.

पहिलं वासरू. खुरं बघितली तर खाली ते पिवळट मऊ आवरण तसंच होतं, जन्मताना असतं ते. दोन-चार पावलं जरी टाकली असती तरी झिजलं असतं. कातड्याखाली कुठंही रक्त नाही. फुफ्फुसाचा तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला, दगडासारखा तळाला गेला. श्वासच घेतला नव्हता त्यानं, मेलेलंच जन्माला आलेलं. मुलगा बादलीकडं बघत राहिला, काही बोलला नाही.

दुसरं दहा दिवसांचं. शेपटी आणि मांड्या पिवळ्या हगवणीनं चिकटलेल्या, डोळे खोल गेलेले, आतड्यात नुसतं पाणी. दातांच्या खुणांखाली रक्त नाही. हे हगवणीनं गेलेलं, कोयोटी नंतर आली. मी विचारलं, अजून किती वासरं हगतायत? सुनेनं खिशातली छोटी वही काढली, म्हणाली अकरा. अकरा! वहीत नंबर लिहिलेले होते, पण सगळ्यांचं लक्ष कुंपणापलीकडं असल्यामुळं त्या वहीकडं कुणी बघितलंच नव्हतं.

तिसरं त्या कालवडीचं. कातडं सोलताना पहिल्याच चिरेला कळलं. मांडीवर, गळ्याखाली साकळलेलं रक्त, सुळ्यांची भोकं साधारण सव्वा इंचाच्या अंतरानं, कुत्र्यासारखं सगळीकडं ओरबाडलेलं नाही, नेमक्या जागी. फुफ्फुस गुलाबी, पाण्यावर तरंगलं. पोट मात्र रिकामं, चीक पण मिळाला नव्हता. हे कोयोटीनंच मारलेलं होतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. बारा-तेरा किलोचा प्राणी, ३५ किलोचं वासरू, पण वासरू ओलं, थरथरणारं आणि आई उठू न शकणारी, मग वजनाचा काय उपयोग.

माण तालुक्यात लहानपणी धनगरांच्या वाड्यावरचं कोकरू लांडग्यानं नेलेलं बघितलंय, त्यामुळं जंगली जनावरानं नुकसान केलंच नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्याचं जातं त्याचं जातं. पण तीनपैकी एक आणि तीनपैकी तीन यात फरक आहे, आणि विमान बोलवायचं की नाही ते त्या फरकावर ठरतं.

मी म्हटलं, मेलेली जनावरं कुठं टाकता? सगळे गप्प. मग आजोबांनी टेकडीकडं हात केला. वाऱ्यानं वाळू उडून टेकडीत मोठा खड्डा पडतो त्याला इकडं ब्लोआउट म्हणतात, तशा खड्ड्यात हिवाळाभर मेलेल्या गाई टाकल्या होत्या. विण्याच्या कुरणापासून पाव मैल पण नाही. बर्फावर कोयोटींच्या पायवाटाच पडल्या होत्या, खड्ड्यापासून सरळ कालवडींच्या कुंपणापर्यंत. नोव्हेंबरपासून त्यांना आपणच ताट वाढत होतो. वाटेत गाईंची व्याल्यावर पडणारी वार पण तशीच पडलेली, ती खायला तर त्या येणारच. आणि एप्रिल-मेमध्ये त्यांची पिल्लं जन्मतात, म्हणजे आता भूक वाढत जाणार.

तिथं थंडीत उभं राहून तासभर बोलणं झालं, मुलगा आधी ऐकेना. तो म्हणाला, सगळ्या मारल्या तर प्रश्नच मिटला. मी म्हटलं नाही मिटत, जोडी आपला इलाका धरून असते, ती गेली की जागा मोकळी होते आणि बाहेरच्या तरण्या कोयोटी येतात, त्यांना तर तुमची गुरं, तुमचे कुत्रे काहीच माहीत नसतात. जी कालवडींच्या कुंपणात शिरते ती मारा, त्याला माझी ना नाही, आज रात्रीच बसा. पण दहा मैलांतल्या उंदीर खाणाऱ्या कोयोटी मारून हगवण थांबणार नाही, आणि तुमची पुढची वासरं हगवणीनं जाणार आहेत.

शेवटी ठरलं ते असं, की पहिलारू कालवडी घराजवळच्या लॉटमध्ये, म्हणजे कुंपणाच्या छोट्या आवारात, आणायच्या, दिव्याखाली. वार दिसली की उचलायची. खड्ड्यातली हाडं-मांस लोडरनं काढून लांब न्यायचं, जुन्या गवताच्या जाड थरात गाडून कंपोस्ट करायचं आणि भोवती पॅनल लावायचे. आणि अजून न व्यालेल्या गाई दर आठवड्या-दहा दिवसांनी नव्या कुरणात न्यायच्या, व्यालेल्या मागं ठेवायच्या, म्हणजे मोठ्या वासरांची हगवण नव्या जन्मलेल्यांना लागत नाही. ही पद्धत नेब्रास्का विद्यापीठातल्या व्हेट लोकांनी याच टेकड्यांमध्ये बसवलीय, सँडहिल्स पद्धतच म्हणतात तिला, आणि ती या घरात सगळ्यांना ऐकून माहीत होती, कुंपणं बदलायचा कंटाळा येतो म्हणून राहिली होती. मुलानं विमानवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या रात्री त्यानं लॉटजवळ एक मारली.

मी निघायला लागले तर सून धावत आली. एका म्हाताऱ्या गाईला जुळं झालं होतं आणि ती एकालाच जवळ घेत होती, दुसऱ्याला ढुशी मारत होती. मी तिसऱ्या वासराचं सोललेलं कातडं उचललं. मागं फाटलेलं होतं, पण मान आणि पाठ शाबूत. पाय घालायला चार भोकं पाडली, त्या जुळ्याच्या अंगावर स्वेटरसारखं चढवून पोटाखाली सुतळीनं बांधलं. आमच्याकडं वासरू मेलं की म्हशीपुढं पेंढा भरलेलं कातडं ठेवून धार काढायचे, ते आठवलं. इथं आत जिवंत वासरू होतं.

कालवडीला कमरेला पट्टा लावून लोडरनं हळूच उचललं. पाय लटपटत होते, पण टेकले. वासरू पुढं सोडलं. तिनं आधी फुंकर टाकली, मग शेपटीकडच्या फाटलेल्या जागी बराच वेळ हुंगत राहिली, आम्ही कुणी हाललो नाही. मग ती हळू आवाजात हंबरली आणि कातडं चाटायला लागली. आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती. वासरानं दोनदा चुकीच्या ठिकाणी तोंड मारलं, तिसऱ्यांदा सड सापडला.