माझ्या टेबलावरची निळी वही

नोव्हेंबरातला मंगळवार. मी पिवळं जाकीट चढवून मैदानावर ड्युटीला उभी होते. ड्युटीवर आम्ही मोबाईल जवळ ठेवत नाही, म्हणून दादाने सांगलीहून थेट शाळेच्या नंबरवर फोन केला. इकडे इंग्लंडमध्ये दुपारचे साडेबारा वाजले होते, तिकडे संध्याकाळचे सहा. बाबांना आयसीयूत हलवलं होतं. ऑफिसमधून निरोप आला आणि माझं तोंड बघूनच इयर टूची, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाची, शिक्षिका जवळ आली. तिने काही विचारलं नाही. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "तू आत जा. मुलांचं आम्ही बघतो."

यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात, चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. आपल्याकडे ख्रिश्चन शाळा म्हटलं की भरपूर फी घेणारं कॉन्व्हेंट डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. गरिबांच्या मुलांना शिकवायला १८११ साली चर्चची नॅशनल सोसायटी ही संस्था स्थापन झाली, तिच्यामार्फत गावोगाव शाळा निघाल्या. आज इंग्लंडमध्ये चर्चच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत, बहुतेक प्राथमिक, सरकारी पैशावर चालणाऱ्या, बिनफीच्या. आमच्या शाळेत शिक्षक ख्रिस्तीच हवा अशी अटही नाही. मी हिंदू आहे, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

त्या दुपारी हेडनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, विचारलं, "सोमवारच्या प्रार्थनेत तुझ्या बाबांचं नाव घेतलं तर चालेल ना?" मग नावाचा उच्चार दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला आणि कागदावर लिहून ठेवला. मला एकदम भरून आलं.

मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. तीन दिवस मिळाले. तेरावा करून परतले तेव्हा डिसेंबर लागला होता.

माझी खरी धास्ती वर्गाची होती. माझ्याकडे इयर फोर, आठ-नऊ वर्षांची मुलं. जूनमध्ये त्यांची पाढ्यांची सरकारी चाचणी असते: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. त्यात अडीच आठवडे बुडाले म्हणजे काय, हे शिक्षकालाच कळेल. वर्गात शिरले तर टेबलावर एक निळी वही. बाहेरचे बदली शिक्षक तीनच दिवस मिळाले होते, बाकी तास आमच्याच लोकांनी वाटून घेतले होते. इथे शिक्षकाला तयारीसाठी आठवड्याच्या तासिकांपैकी किमान १० टक्के वेळ मिळतो. तो वेळ म्हणजे आमचा श्वास. त्यातला वेळ त्यांनी आपणहून माझ्या वर्गाला दिला होता. ज्याने तास घेतला त्याने वहीत लिहिलेलं: "बाकी उरणारा भागाकार. सहा जणांना जमला नाही, नावं मागच्या पानावर." "सातचा पाढा उलटा म्हणून घेतला." एका पानावर, "खिडकीजवळचा मुलगा रोज विचारतो, मिस कधी येणार?" तीसही वह्या तपासून झाल्या होत्या.

हे सगळं आपोआप होत नाही, हेही सांगायला हवं. मागच्या वर्षी स्टाफ मीटिंगमध्ये एक तरुण शिक्षिका रडवेली होऊन म्हणाली होती, "ज्यांना मुलंबाळं नाहीत त्यांच्याच गळ्यात जादा तास पडतात." खोली गप्प झाली. पण तिचं खरं होतं. तेव्हापासून कुणी किती तास भरून काढले त्याचा तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर असतो आणि सगळे तो बघतात. माझ्या मते आमची एकी प्रार्थनेइतकीच त्या तक्त्यावर उभी आहे. तक्रार पाठीमागे कुजबुजत राहिली असती, तर नोव्हेंबरात माझ्यासाठी कोण धावलं असतं?

चर्चच्या शाळांची ‘सायम्स’ नावाची वेगळी तपासणी असते. शाळेच्या ख्रिस्ती ध्येयामुळे मुलांचं आणि मोठ्यांचंही भलं होतं का, हे त्यात बघतात. मोठ्यांचंही, हे शब्द मी पूर्वी नुसते वाचले होते. आमच्याकडे तपासणी येईल तेव्हा मी ती वही पुढे ठेवणार आहे.

पण सध्या ती माझ्याकडे नाही. जानेवारीत इयर थ्रीच्या शिक्षिकेचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे विश्रांती. वहीत माझ्यासाठी लिहिलेल्या पानांनंतर एक पान कोरं सोडलं आणि वही तिच्या टेबलावर ठेवली. काल माझ्या तयारीच्या तासाला मी तिचा वर्ग घेतला. निघताना लिहिलं: "आठचा पाढा झाला. आठ सत्ते छप्पन्नला अजून अडतात. तुझ्या कुंडीला पाणी घातलंय."